चौदा बंद बिळं

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कुणी म्हणायला नको. नाशिकला होते तेव्हा भाजीवालीच्या तराजूखाली हात घालून बघायचे, काही चिकटवलंय का. दोह्याला आल्यावर तराजू गेला, तर दुधाच्या खोक्यावरची तारीख दोनदा वाचायला लागले. नवरा म्हणायचा, "तू चुकून इंजिनियर झालीस. पोलिसात जायला हवं होतंस." मी म्हणायचे, घरात एक तरी जागं माणूस नको का? तेव्हा मला या गोष्टीचा अभिमानच होता.

फुटबॉलच्या वर्ल्ड कपला तीन-चार वर्षं होती आणि सगळा देश उकरून ठेवला होता. आम्ही दोह्यातच अल मुंतझा भागात राहायचो. तिथून पहाटे कंपनीची गाडी मला उचलायची आणि मेसईदच्या वाटेवर एका उजाड माळावर नेऊन सोडायची. तिथे रस्ता रुंद व्हायचा होता आणि शेजारी प्रेक्षकांच्या बसगाड्यांसाठी मोठा तळ. मी मूळची सांडपाण्याची इंजिनियर. पण साइटवर पर्यावरणाचं काम बघणारं कुणीतरी लागतं, आमचा तो माणूस सोडून गेला, आणि ‘मॅडम बारकाईनं बघतात’ असं म्हणून ते झेंगट माझ्या गळ्यात मारलं. मी खूश झाले. बारकाईनं बघायचे पैसे मिळणार, आणखी काय पाहिजे?

काम काय, तर माळावरचे सरडे हलवायचे. हसू नका. अरबीत त्याला धब म्हणतात. हातभर लांब, जाडजूड, आणि शेपटी बघाल तर काट्यांच्या बांगड्या एकापुढे एक चढवल्यासारखी. या प्राण्याला इथे कायद्याचं संरक्षण आहे. माळावरचा प्रत्येक धब पकडून कुंपणाच्या राखीव रानात नेऊन सोडल्याशिवाय बुलडोझर आत घालायची परवानगी नव्हती. प्रोजेक्ट मॅनेजर रोज घड्याळ दाखवायचा. "यल्ला, मॅडम! वर्ल्ड कप सरड्यांसाठी थांबणार नाही."

पहिला धब बघितला तेव्हा माझ्या अंगावर शहारा आला, आणि तो त्याच्या काट्यांमुळे नाही. मी त्याला ओळखत होते. लहानपणी आमच्या एसटी स्टँडबाहेर एक माणूस चादर पसरून बसायचा. चादरीवर आठ-दहा सांडे, आपल्याकडचे काटेरी शेपटीचे सरडे, पडलेले असायचे, पाठ मोडलेली म्हणून पळू न शकणारे, पण जिवंत. शेजारी स्टोव्ह, स्टोव्हवर तवा, आणि तव्यात चरबी वितळत असायची. सांड्याचं तेल! गुडघे, कंबर आणि बायकांसमोर न सांगण्यासारखी इतर दुखणी. आई माझे डोळे हातानं झाकून मला ओढत न्यायची. मी तिच्या बोटांच्या फटीतून बघायचेच. धब म्हणजे त्याच सांड्याचा थोरला भाऊ. त्यामुळे पहिल्याच दिवशी माझ्या डोक्यात पक्कं बसलं, की या जनावरापाशी माणूस आला की तो तेलासाठीच आला.

सरडे पकडणाऱ्या टोळीचा फोरमन साठीला टेकलेला होता. रत्नागिरीकडचा, सगळे त्याला चाचा म्हणत. अठ्ठावीस वर्षं कतारात काढलेली. मी मराठी आहे कळल्यावर त्याचा चेहरा असा काही उजळला, की मला लगेच वाटलं, याला काहीतरी हवंय.

"काय गो बाय, नाशकाची काय तू? चाय घेतलीस?"

मी म्हटलं, "चाचा, साइटवर मॅडम म्हणा."

"व्हय बाय," तो म्हणाला.

काम मात्र त्यालाच येत होतं, हे कबूल करायला हवं. धबाच्या बिळाचं तोंड अर्धचंद्रासारखं असतं, वर कमान आणि खाली सपाट. संध्याकाळी चाचा प्रत्येक बिळासमोरची वाळू ब्रशनं सारखी करून ठेवायचा. सकाळी त्या वाळूत शेपटीची रेघ उमटलेली असली की बिळात वस्ती आहे. मग तोंडाशी पिंजरा लावायचा आणि गप लांब बसायचं. पहाटे धब बाहेर येतो तेव्हा काळपट असतो, म्हणजे ऊन लवकर शोषलं जातं. अंग तापलं की हळूहळू पिवळा पडतो. पाणी जवळजवळ पीत नाही, झुडपांच्या पाल्यात असेल तेवढ्यावर भागवतो, आणि अंगातलं जास्तीचं मीठ नाकातून बाहेर टाकतो. त्याच्या नाकपुड्यांवर पांढरं मीठ सुकलेलं असायचं. "शेंबडा हाय," असं म्हणत चाचा ते पुसायचा. पुसताना शेपटीचा फटका बसायचाच. त्याच्या दोन्ही मनगटांवर ओरखडे होते.

सगळी मिळून एक्केचाळीस बिळं. प्रत्येकाला नंबर आणि लाल झेंडी, म्हणजे आत वस्ती. तेविसाव्या बिळात एक जुनाट धब होता, शेपटीची दोन कडी तुटलेली. चाचा त्याला म्हातारा म्हणायचा. पिंजऱ्यात काही केल्या येत नव्हता. अर्धं डोकं बाहेर काढायचा, पिंजरा बघायचा आणि मागच्या मागे आत.

"हुशार हाय," चाचा म्हणाला. "माझ्याच वयाचा असंल. आम्ही दोघं वर्ल्ड कप बघूनच जानार. अठ्ठावीस वरसां हितली माती उपसली बाय, एक म्याच तरी बघाया नको? ह्यो रस्ता मी बांधला, त्या रस्त्यानं जाऊन बघीन. मग घरा."

हे तो सगळ्यांना सांगायचा. ड्रायव्हरला, कॅन्टीनवाल्याला, मला दोनदा. दुसरं काही मागताना मी त्याला ऐकलं नाही.

एकदा त्यानं मला एक गंमत दाखवली. पाऊलभर अंतरावर बोटाएवढा चपटा सरडा बसला होता, वाळूच्याच रंगाचा. चाचानं हात नेला मात्र, त्या सरड्याचं अंग थरथरलं आणि बघता बघता तो जागच्या जागी वाळूत बुडाला. वर फक्त दोन डोळे. मी अगदी लहान मुलीसारखी टाळी वाजवली. घरी जाऊन लेकीला सांगितलं. ती आठ वर्षांची, शाळेत वाळवंटी प्राण्यांचा तक्ता करत होती आणि पुस्तकातल्या अमेरिकेतल्या शिंगवाल्या सरड्याच्या प्रेमात पडली होती. चपटा, डोक्यावर शिंगांचा मुकुट, मुंग्या खाऊन जगणारा. तोही असाच वाळूत बुडतो. पण तिला आवडलेली गोष्ट वेगळीच.

"आई, इट शूट्स ब्लड फ्रॉम इट्स आइज!"

"मराठीत सांग."

"डोळ्यातून ब्लड मारतो. पण ओन्ली लास्टला. आधी तो क्वाएट बसतो. की मला कोणी बघू नये. तुझ्या लिझार्डला हॉर्न्स आहेत?"

"आहेत. शेपटीला."

"दॅट्स चीटिंग," ती म्हणाली आणि धबाला तक्त्यात घ्यायला साफ नकार दिला.

नोव्हेंबर लागला आणि काम अडलं. सत्तावीस धब पकडून हलवले होते, चौदा राहिले होते. त्या वर्षी वारं लवकर फिरलं. दोन दिवस उत्तरेकडून असा बोचरा वारा सुटला, की कामगारांनी कानटोप्या चढवल्या. आणि त्याच आठवड्यात चौदाच्या चौदा बिळांसमोरची रेघ बंद झाली. आज वाळू कोरी, उद्या कोरी. म्हाताऱ्याचीसुद्धा.

माझ्या मनात पाल चुकचुकली. अहो, चौदा जनावरं एका आठवड्यात जातील कुठे? पंख फुटले त्यांना?

चाचाला विचारलं तर तो म्हणाला, "आत हायेत. थंडी लागली की खाली जातात नि निजतात."

"माझ्याकडच्या कागदात डिसेंबर-जानेवारी लिहिलंय, चाचा. आज दुपारी बत्तीस डिग्री होतं."

"तो तुझा कागद वाचतो काय?" असं म्हणून तो हसला. मला ते हसणं आवडलं नाही. चोराला हसू लवकर येतं, असं काहीतरी माझ्या डोक्यात आलं.

एकदा संशय धरला ना, की सगळं त्यातच बसायला लागतं. शनिवारी सकाळी त्याच्या मनगटावर ताजा ओरखडा दिसला. शुक्रवारची सुट्टी, पिंजरे बंद, मग ओरखडा आला कुठून? लिहून ठेवलं. दुपारच्या सुट्टीत तो एकटाच पिशवी घेऊन माळावर जायचा. मी गाडीतून लांबून बघितलं. तेविसाव्या बिळापाशी उकिडवा बसला, पिशवीतून हिरवा पाला काढला, कोथिंबिरीचे देठ असावेत, आणि तोंडाशी ठेवला. आमिष! मी मोबाइलवर फोटो काढला. लिहून ठेवलं.

आणि मग तो दिवस. मी कामगारांच्या विश्रांतीच्या केबिनमध्ये अचानक गेले. मुद्दामच अचानक. आत गॅसचा छोटा शेगडा पेटलेला, ज्याला साइटवर सक्त मनाई. शेगड्यावर पळी. पळीत पिवळट पांढरा गोळा वितळत होता. समोर एक कामगार पाय पसरून बसला होता, त्याच्या टाचा भेगांनी अशा उकललेल्या की आत लाल दिसत होतं. चाचा ते तेल बोटानं त्या भेगांत भरत होता. मला बघून त्यानं झटकन शेगडा विझवला आणि उरलेला गोळा फडक्यात गुंडाळून पाठीमागे सरकवला.

माझ्या डोळ्यांसमोर थेट एसटी स्टँडची चादर आली. स्टोव्ह, तवा, चरबी.

"काय आहे ते?"

"तेल हाय बाय. टाचेला."

"कसलं?"

"घरचां," तो म्हणाला, आणि त्याची नजर शेगड्याकडे गेली. आज मला कळतं, तो शेगडा सापडला म्हणून घाबरला होता. तेव्हा मला वाटलं, पकडला!

तो गोळा मी मागून घेतला. कडक, गुळगुळीत, मुठीत दाबून केल्यासारखा. बोटांचे ठसे उमटलेले. वास विशेष नाही. नमुन्याच्या प्लास्टिकच्या पिशवीत घातला, वर तारीख लिहिली. त्यानं देताना कुरकूर केली नाही. उलट माझ्या पायांकडे बघून म्हणाला, "तुला व्हया तर तूही लाव. सेफ्टी बुटांनी टाचा फुटतात."

लाच देतोय, मी मनात म्हटलं. बाई गं, काय माझी हुशारी!

घरी आले तर नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. "रिपोर्ट केलास तर त्याचं काय होईल?" त्यानं विचारलं.

"परत पाठवतील. संरक्षित प्राणी आहे."

"वर्ल्ड कप बघायचा म्हणत होता ना तो?"

"म्हणून चोरी करू द्यायची?"

"तुला खात्री आहे?"

या प्रश्नाचा मला राग आला. चौदा बिळं, एक फोटो, एक ओरखडा, एक गोळा. आणखी काय पुरावा लागतो? जेवायला आमसुलाची आमटी केली होती. मी वाटीभर आमटी प्यायले, आमसूल चोखून वाटीच्या कडेला ठेवलं आणि लॅपटॉप उघडून रिपोर्ट लिहायला बसले. आमटीचं मुद्दाम सांगतेय. पुढे कळेल का ते.

चौकशी मॅनेजरच्या केबिनमध्ये झाली. चाचानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. बोलणं इंग्रजीत चाललं होतं, त्याला अर्धंमुर्धं समजत होतं, आणि जे समजत नव्हतं तिथे तो माझ्याकडे बघायचा. दुसरं कोण होतं तिथे त्याच्या भाषेचं? मी त्याच्याशी हिंदीत बोलत होते. मराठीत बोलले असते तर मॅनेजरला वाटलं असतं, यांचं आपसात काहीतरी शिजतंय. त्याचाही मला संशय!

"हे तेल कशाचं?" मॅनेजरनं विचारलं.

"साहेब, झाडाचं. झाडाच्या बियांचं," चाचा हिंदीत म्हणाला.

मॅनेजरनं पिशवीतला गोळा टेबलावर ठोकला. टक्क असा आवाज झाला. तो माझ्याकडे वळला. "तुम्ही दोघं एकाच भागातले ना? असं झाड आहे तुमच्याकडे? ज्याच्या बियांपासून ही चरबी होते?"

चाचा माझ्याकडे बघत होता. अगदी निर्धास्त. आता ही आपली बाय सांगेल आणि सुटलो, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

मी म्हटलं, "नो. असं झाड नाही."

चाचाला ‘नो’ समजलं. तो माझ्याकडे वळला. मग मराठीत, हळू आवाजात मला म्हणाला, "बाय, माझा जाऊं दे. पन ते आत हायेत. झेंडी बदलू नको."

मला वाटलं, बघा, अजूनही नाटक.

दोन दिवसांत त्याचा फायनल एक्झिट झाला, म्हणजे व्हिसा रद्द करून कायमची घरी रवानगी. गुरुवारी तो गेला. मला भेटला नाही, आणि मी त्या दिवशी ऑफिसमध्ये कामं काढून बसले होते. नियम असा होता, की तीन सकाळी ओळीनं रेघ नसली की बीळ रिकामं धरायचं, लाल झेंडी काढून पांढरी लावायची. चौदा बिळांना मी स्वतःच्या हातानं पांढऱ्या झेंड्या लावल्या. मॅनेजर म्हणाला, "खलास! शुक्रन, मॅडम."

रविवारी बुलडोझर आला. मी हजर होते, परवानगीवर सही माझी होती. पहिलं पातं तेविसाव्या बिळावरच पडलं. वरचा थर सरकला, मग खालचा, आणि ऑपरेटरनं एकदम मशीन थांबवून हात वर केला.

मी धावत गेले. बीळ आत वळणं घेत खूप खोल गेलं होतं, आणि तळाशी पातं पोचलं तिथे म्हातारा होता. शेपटीची दोन कडी तुटलेली. ती शेपटी एकीकडे होती आणि बाकीचा तो दुसरीकडे. रक्तसुद्धा फार नव्हतं. थंडीनं आखडलेलं जनावर, त्याला जाग तरी आली होती की नाही देव जाणे. बाजूला सरकलेल्या वाळूत कोथिंबिरीचे सुकलेले देठ होते. आमिष कसलं, कप्पाळ माझं! चाचा मला दाखवायला धडपडत होता, की हा अजून आत आहे, एकदा बाहेर येऊन खाऊ दे म्हणजे ही बाई झेंडी बदलणार नाही.

मी ओरडून काम थांबवलं. मॅनेजर फोनवर काय काय बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी म्हटलं, परवानगी माझ्या सहीनं मिळते, सही मागे घेते. मग आम्ही फावडी घेऊन, नंतर हातांनी, दोन दिवस बिळं उकरली. एकेका बिळाच्या तळाशी एकेक धब, दगडासारखा गार. हातात घेतला की पापणी तेवढी हलायची. तेराच्या तेरा जिवंत निघाले. एकही चोरीला गेला नव्हता. बिळांजवळच्या काटेरी झुडपांनी माझ्या मनगटांवरही चाचासारखेच ओरखडे उठले. कामगार माझ्याशी बोलत नव्हते. ज्याच्या टाचांना चाचानं तेल लावलं होतं, तो माझ्या शेजारीच उकरत होता. पाणी दिलं तर त्यानं घेतलं नाही.

संध्याकाळी ती प्लास्टिकची पिशवी घेऊन मी घरी आले. समोरच्या फ्लॅटमध्ये माणगावकडची एक बाई राहायची, सगळे तिला भाभी म्हणत. तिच्या दारात उभी राहिले आणि विचारलं, "भाभी, हे काय असेल?"

तिनं पिशवी उघडली, गोळा नाकाशी नेला आणि हसली. "अगं, मुठेल आहे हे! कुठून मिळालं? आमच्याकडे प्रत्येक घरात असतं. कोकमाच्या बिया कुटून उकळतात, वर तेल येतं, ते गार झालं की असं मुठीत वळतात. टाचांना याच्यासारखं दुसरं काही नाही. तुझ्या नाशिकला नाही होय? मग आमसुलं कुठून आणतेस?"

मला तोंडात मारल्यासारखं झालं. आयुष्यभर आमसुलाची आमटी प्यायलेली बाई मी. त्या फळाला बी असते, तिचं कुणी काही करत असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. आणि मी टेबलापाशी उभी राहून सांगितलं होतं, असं झाड नाही.

दुसऱ्या दिवशी मी सगळं लिहून दिलं. माझी चूक, माझा रिपोर्ट मागे, त्याला परत बोलवा. मॅनेजरनं वाचलं. म्हणाला, "शेगडा तर होता ना?" मग एचआरमध्ये गेले. तिथला क्लार्क सभ्य होता. म्हणाला, "मॅडम, एक्झिट झालेला माणूस परत आणायचा म्हणजे सगळं नव्यानं. आणि त्याचं वय बघा. इन्शाल्ला, बघू." इन्शाल्ला कोण कसं म्हणतो त्यावरून कळतं, काम होणार की नाही. मी तीन पत्रं लिहिली. फोरमनची जागा भरली गेली होती.

ड्रायव्हरकडे त्याचा गावचा नंबर होता. तो नंबर मी सात-आठ महिने पर्समध्ये बाळगला. लावायचे आणि रिंग वाजायच्या आत बंद करायचे. तोपर्यंत रस्ता झाला, बसतळावर डांबर पडलं, दिव्यांचे खांब उभे राहिले. लेकीचा तक्ता कधीच संपला होता. कपाटात सापडला तेव्हा तिचा शिंगवाला सरडा बघत बसले. आधी गप बसतो, कुणी बघू नये म्हणून. शेवटी डोळ्यातून रक्त. चाचानं तेही मारलं नाही माझ्या तोंडावर. त्याच दुपारी मी फोन लावला.

"कोन?"

"चाचा, मी. नाशिकची."

मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. मला वाटलं आता हा फोन ठेवणार. ठेवावा, शिव्या द्याव्यात, काहीही करावं.

"अगो बाय!" तो म्हणाला. "बरी हास मां? पोरगी कशी हाय?"

"चाचा, मी चुकले. मला ते झाड..." मी रडत होते आणि ते त्याला ऐकू जाऊ नये म्हणून तोंडावर हात दाबला होता.

"जाऊं दे गो. शेगडा माझाच व्हता," तो म्हणाला. आणि मग, इतक्या महिन्यांनी, त्यानं धबांचंच विचारलं. "ते निघाले काय सगळे? आत व्हते नां?"

"हो. आत होते. सगळे निघाले."

"आपला म्हातारा?"

माझ्याच हातची पांढरी झेंडी होती त्याच्या बिळावर. मी म्हटलं, "तोही निघाला. राखीव रानात सोडला. छान आहे."

"खरां?"

"खरंच, चाचा."

"मग बराच झालां," तो म्हणाला, आणि खुशीत हसला. "आमच्यातला एक तरी वर्ल्ड कप बघंल."

त्यानं दुसऱ्यांदा विचारलं नाही. माझ्या आवाजात काही खोट आहे का, हे त्यानं तपासलं नाही. मी सांगितलं, आणि त्यानं ते खरं मानलं.